न्हाणीघरातल्या पंख्याचे झाकण

मागच्या खेपेस आम्ही गळक्या नळाविषयी लिहिले, त्यावर बरीच पत्रे आली. एका भगिनीने विचारले आहे की न्हाणीघराच्या झरोक्यात हवा बाहेर फेकणारा जो पंखा बसवतात, त्याचे बाहेरचे प्लॅस्टिकचे झाकण दोन वर्षांत मोडते, ते घरी नीट करता येते का? येते. पण या प्रश्नाचे उत्तर आम्हाला घरबसल्या देता आले नसते. योगायोगाने तेच काम आमच्या हातून नुकतेच काशीदला झाले, आणि त्यात झाकणापेक्षा मोठी गोष्ट निघाली. म्हणून या वेळी तीच हकिकत सांगतो.

आमची मावसबहीण काशीदला दिलेली. अलिबागहून मुरूडच्या एस.टी.त बसायचे, रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव, मग कोर्लई, बोर्ली करीत गाडी समुद्राच्या कडेकडेने जाते आणि सुरूची झाडे दिसू लागली की काशीद आले. पूर्वी जंजिरा बघायला निघालेली मंडळी गाडीच्या खिडकीतूनच हा पांढऱ्या वाळूचा किनारा बघून पुढे जात. आता तीच मंडळी इथे मुक्कामाला उतरतात. गावात खोल्या झाल्या, कॉटेज झाल्या, आणि आमच्या बहिणीसारख्या बायांना झाडलोटीचे, चादरी धुण्याचे काम मिळाले. बारा महिने नाही, पण सुट्ट्यांच्या दिवसांत पुष्कळ.

डिसेंबर अखेरीस आम्ही दोन दिवस तिच्याकडे गेलो. जयभीम झाला, चहा झाला, पण तिचा चेहरा उतरलेला. विचारले तेव्हा म्हणाली, "दादा, या महिन्याच्या पगारातून सहाशे कापणार म्हणतात शेठ. बाथरूमच्या पंख्याचं झाकण माझ्या हातून मोडलं म्हणे."

"मोडले का?"

"मागच्या बाजूने कोळ्याची जाळी काढत होते. झाडूचं टोक लागलं असेल. पण दादा, खरं सांगते, फुंकर मारली असती तरी पडलं असतं ते."

सहाशे रुपये म्हणजे तिच्या घरात काय, हे आमच्या वाचकांना उलगडून सांगायला नको. आम्ही बत्तीस वर्षे कारखान्यात वायरमनचे काम केले. पिशवीत पेचकस, टेस्टर, सांडशी नेहमी असतेच. म्हटले, चल, बघू तर खरे.

शेठ माणूस म्हणून वाईट नव्हते. नाव आम्ही देत नाही, त्याची गरजही नाही. संध्याकाळी त्या खोलीत एक कुटुंब उतरणार होते, दोन लहान मुलांसह, त्यामुळे त्यांची धांदल चालली होती. "बघा काका, जमलं तर करा," म्हणाले आणि पुढच्या कामाला गेले.

आम्ही मागच्या बोळात जाऊन झाकण पाहिले. आठ इंची पंख्याचे, पाच आडव्या पट्ट्यांचे. पंखा लागला की हवेने पट्ट्या उघडतात, थांबला की आपल्या वजनाने मिटतात, असे ते असते. चौकटीचे चार कोपऱ्यांचे चार कान, त्यातले दोन तुटलेले. एक पट्टी गायब, दोन पट्ट्या मळाने चिकटून बसलेल्या. भिंत पश्चिमेला, म्हणजे थेट समुद्राकडे. दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन त्याच्यावर.

मोडलेली वस्तू हातात घेतली की ती स्वतःच सांगते, कशाने मोडली ते. प्लॅस्टिक पांढुरके झाले होते, नख ओढले तर खडूसारखी भुकटी निघे. हे उन्हाचे काम. उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकची आतली साखळी तोडत जातात, मग ते लवत नाही, नुसते तुटते. तुटलेल्या कानाजवळ लोखंडी स्क्रू होता, तोही गंजून फुगलेला. खारी हवा लोखंडाला कशी खाते ते किनाऱ्यावरच्या माणसाला माहीत असते, पण एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. स्क्रू गंजला की तो भोकात फुगतो आणि भोवतालच्या प्लॅस्टिकला आतून फाकवतो. कान फुटतो तो त्याने. त्यात पंख्याच्या पात्यांवर एका बाजूला मळ जास्त बसला की पंखा थरथरतो, आणि ती थरथर त्याच फुटक्या कानावर येते. तुटल्या जागेची एक कड ताजी होती, पण उरलेली सगळी काळी, मळकट. म्हणजे भेग फार जुनी. झाडूने झाला असेल तो शेवटचा धक्का.

मग आम्ही आत गेलो आणि जागीच थांबलो.

आतून झरोक्यात थर्माकोलचा तुकडा गच्च ठासलेला होता, कडेने चिकटपट्टी लावून. पंखा बंद. खिडकी नाही. दार चांगले घट्ट बसणारे, खाली फट नाही. आणि त्याच भिंतीवर, दोन हातांवर, गॅसचा गिझर!

शेठना हाक मारली. विचारले, "हा थर्माकोल कधी लावला?"

"दिवाळीच्या गर्दीत. झाकणाची पट्टी पडली होती, त्यातून डास यायचे. गिऱ्हाईक ओरडायचं..." इतके बोलून ते जरा थांबले. झाकण दिवाळीतच मोडलेले होते, हे त्यांच्याच तोंडून निघाले होते. बहीण दारात उभी होती, ती काही बोलली नाही. आम्हीही त्या वेळी तो विषय वाढवला नाही, कारण आधी दुसरे काम होते. आम्ही सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला आणि सांगितले, "शेठ, आज रात्री हा गिझर लावायचा नाही."

"का? नवा आहे. गळत नाही, वास येत नाही."

इथे वाचकांनी नीट लक्ष द्यावे. गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. पण गिझरचा धोका नुसता गळतीचा नाही. गॅस जळायला हवेतला प्राणवायू लागतो. कोंडलेल्या लहान खोलीत तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यायचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. माणसाला डोके दुखते, गरगरते, मळमळते. त्याला वाटते, गरम पाण्याने आले असेल. मग पायांतले बळ जाते, आणि कडी काढायला दोन पावले चालायची तीही होत नाहीत. २०२३ च्या मार्चमध्ये, होळी-धुळवडीच्या दिवसांत, मुंबईच्या घाटकोपरला एक जोडपे आपल्याच घराच्या न्हाणीघरात मृतावस्थेत सापडले, तेव्हा पोलिसांनी गॅस गिझरच्या वायूचाच संशय व्यक्त केला होता. ते काही झोपडीतले घर नव्हते, चांगल्या इमारतीतले होते.

शेठ ऐकत होते. म्हणाले, "मग पंखा दुरुस्त करून चालू ठेवला की झालं ना?"

नाही झाले. एक तर दाराखाली फट नसेल तर पंख्याने बाहेर फेकायची हवा यायची कुठून? पंखा नुसता फिरतो, हवा जागची हलत नाही. आणि काही गिझरांना धूर बाहेर न्यायला नळी असते, तिथे घट्ट खोलीतला पंखा तोच धूर उलटा आत ओढू शकतो. दुसरे असे की पंखा विजेवर चालतो, गॅस गिझर मात्र बॅटरीच्या सेलवर पेट घेतो. वीज गेली की पंखा थांबणार, गिझर जळतच राहणार. या किनाऱ्यावर वीज कशी जाते हे आम्ही सांगायला पाहिजे का? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मुरूड-श्रीवर्धनकडच्या गावांनी किती दिवस अंधारात काढले, ते शेठनाच विचारा. वीज भरवशाची नाही म्हणून तर त्यांनी गॅसचा गिझर घेतला होता!

याला उपाय एकच. गॅसचा गिझर न्हाणीघरात नकोच. तो बाहेर, मोकळ्या हवेत, डोक्यावर छप्पर असलेल्या भिंतीवर बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाईप आणायचा. मागचा बोळ त्याला अगदी योग्य होता. शेठ दोन मिनिटे गप्प राहिले, मग त्यांनी प्लंबरला फोन लावला. प्लंबर परवा येतो म्हणाला. तोवर मागच्या चुलीवर पातेले चढवायचे आणि बादलीने पाणी द्यायचे ठरले. ते काम अर्थात बहिणीच्याच वाट्याला आले, पण तिने हसत घेतले.

आता झाकणाकडे येऊ. पत्र पाठवणाऱ्या भगिनी म्हणत असतील, आम्ही विचारले काय आणि हे सांगतात काय.

पहिले काम विजेचे. नुसते बटण बंद करून पंख्याला हात लावू नये. वायरिंग करताना पुष्कळ ठिकाणी बटण चुकीच्या तारेवर बसवलेले असते, मग बटण बंद असले तरी पंख्यात वीज जिवंत असते. आम्ही पेटीतला एमसीबी खाली पाडला, पायात रबरी चप्पल, हात कोरडे, आणि टेस्टर लावला. टेस्टर पेटला! क्षणभर आम्हालाही कळेना. मग लक्षात आले, ही लाईन इन्व्हर्टरवर होती. बाहेरची वीज तोडली तरी इन्व्हर्टर आपला पुरवठा करीतच राहतो. तो बंद केला तेव्हा टेस्टर विझला. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी हे विसरू नये. बत्तीस वर्षांच्या सवयीने टेस्टर लावला म्हणून, नाहीतर हा मजकूर लिहायला आम्ही नसतो.

झाकण उतरवण्याआधी आत पक्ष्याचे घरटे नाही ना, तेही बघून घ्यावे. पट्टी पडलेल्या झरोक्यात चिमण्या, साळुंक्या घरटे करतात. पिले असतील तर ती उडून जाईपर्यंत काम थांबवायचे, एवढी घाई कोणाला नसते. इथे सुदैवाने नुसते कोळी होते.

झाकण, पंख्याची पाती आणि जाळी कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून जुन्या दातांच्या ब्रशने धुतली. मोटरला पाणी लावू नये, ती कोरड्या फडक्याने पुसावी. चिकटलेल्या पट्ट्या धुतल्याबरोबर मोकळ्या झाल्या. त्यांच्या खिळींना तेल घालायचा मोह होतो, तो आवरावा. तेलावर धूळ आणि मीठ बसते आणि महिन्यात पुन्हा सगळे जाम.

मग प्रश्न जोडण्याचा. लोक सर्रास दहा रुपयांची झटपट चिकटणारी नळी आणतात, आणि आठ दिवसांनी तेच झाकण पुन्हा खाली पडते. प्लॅस्टिक कोणते आहे ते आधी ओळखावे. त्याचा लहानसा तुकडा साध्या पाण्याच्या पेल्यात टाका, बोटाने एकदा बुडवून सोडून द्या. बुडाला तर बहुधा ते चिकटणाऱ्या जातीचे. त्याची कड काचकागदाने खरबरीत करून दोन नळ्यांचा, मिसळून लावायचा ॲराल्डाइटसारखा लुकण लावावा आणि पुरे चोवीस तास हलवू नये. तुकडा वर तरंगला तर तो बादली-डब्याच्या जातीचा. त्याला कुठलाच साधा गोंद धरत नाही, पैसे वाया घालवू नयेत.

आमचा तरंगला. तेव्हा शिवायचे ठरले. बहिणीच्या शेजारी मासेमारी करणारे घर आहे, तिथून हातभर तंगूस आणली. नायलॉनची ती दोरी ना गंजते, ना कुजते. सुई सांडशीत धरून तापवायची आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतराने भोके पाडायची, फाटकी चादर शिवतो तसे टाके घालून आतून गाठ मारायची. भेग जिथे संपते त्या टोकाला एक गोल भोक अवश्य पाडावे, म्हणजे भेग पुढे धावत नाही. गरम सुईचा धूर नाकात घेऊ नये, काम बाहेर बसून करावे. हे शिवणकाम आमच्या बहिणीने केले, कारण आमचे टाके बघून ती म्हणाली, "दादा, तुम्ही राहू द्या." खरेच, तिचे टाके आमच्यापेक्षा सरळ आले.

गायब झालेल्या पट्टीसाठी तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा कापला. पट्टी चौकटीपेक्षा दोन-दोन मिलिमीटर आखूड हवी, म्हणजे अडकत नाही, आणि पातळ हवी, म्हणजे हवेने उचलते. तिच्या वरच्या कडेला दोन भोके पाडून तंगुशीच्या सैल फाशांनी ती पडद्यासारखी टांगली. दिसायला वेगळी दिसते, पण उघडते आणि मिटते.

तुटलेले कान पुन्हा जोडण्याच्या भानगडीत पडलो नाही. त्या दोन कोपऱ्यांपाशी भिंतीत नवी भोके पाडून प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या आणि स्क्रूखाली रुंद वायसर देऊन चौकटीची कडच दाबून धरली. वायसरखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती, म्हणजे थरथर शोषली जाते. स्क्रू मात्र स्टेनलेस स्टीलचे किंवा खऱ्या पितळेचे घ्यावेत. "खऱ्या" म्हणण्याचे कारण असे की पिवळे दिसणारे पुष्कळ स्क्रू लोखंडाला नुसता मुलामा दिलेले असतात. आम्ही जुन्या स्पीकरमधले चुंबक पिशवीत ठेवतो. दुकानात पिवळा स्क्रू चुंबकाला चिकटला की तो परत द्यायचा. स्क्रू आवळताना जोर लावू नये. घट्ट झाला की पाव फेरा मागे सोडावा, कारण उन्हात प्लॅस्टिक पसरते, त्याला हलायला जागा लागते. शेवटी, झाकणाच्या वर वीतभर छज्जा काढता आला तर जरूर काढावा. ऊन चुकले तर हेच झाकण दुप्पट टिकेल असे आमचे मत आहे.

सुताराकडून दाराच्या खालची कड इंचभर कापून घेतली. मग वीज सुरू करून पंखा लावला आणि वर्तमानपत्राची एक पट्टी त्याच्यासमोर धरली. दार लावलेले असतानाही कागद पंख्याकडे ओढला गेला. बाहेरून बहीण ओरडली, "उघडल्या! पाचही उघडल्या!"

सगळ्याला खर्च आला एकशे दहा रुपये, तोही बराचसा स्क्रू आणि वायसरचा. सुताराचे शेठनी परस्पर दिले.

राहिली पगाराची गोष्ट. निघताना आम्ही शेठना बाजूला घेऊन शांतपणे सांगितले की कामगाराच्या मजुरीतून नुकसानभरपाई कापायची तर ती वस्तू खास त्याच्या ताब्यात सांभाळायला दिलेली असावी लागते, नुकसान थेट त्याच्याच हयगयीने झालेले असावे लागते, आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडू द्यावी लागते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात हे होते आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. उन्हाने आणि गंजाने खाल्लेले झाकण यात कुठे बसते, ते आम्ही त्यांनाच विचारले. शेठ म्हणाले, "बघतो." आम्हीही अधिक ताणले नाही. तिला तिथेच काम करायचे आहे, आम्ही तर दुसऱ्या दिवशी एस.टी. पकडणार. मात्र ते तुटके कान आणि गंजका स्क्रू तिला कागदात गुंडाळून घरी ठेवायला सांगितले. कोणाच्याही हातून काही मोडल्याचा आळ आला तर तुकडे फेकू नयेत, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे.

जाता जाता गिझरबाबत आणखी एक. न्हाणीघरातून कोणी हाकेला ओ देत नसेल तर वाट बघत बसू नये. दार फोडावे, सिलिंडर बंद करावे, माणसाला उघड्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा. बाहेर काढणाऱ्यानेही आत रेंगाळू नये. आणि ज्यांच्या घरी आज न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे, त्यांनी तो बाहेर जाईपर्यंत गरम पाणी आधी बादलीत काढून घ्यावे, गिझर बंद करावा, दार काही वेळ उघडे ठेवावे आणि मगच आत जाऊन अंघोळ करावी.

जानेवारीच्या आठ तारखेला बहिणीचा फोन आला. गिझर मागच्या बोळात गेला होता. पगार पुरा आला होता, शेठ त्यावर एक अक्षर बोलले नव्हते. आता बाकीच्या तीन खोल्यांच्या पंख्यांचे स्क्रू बदलायचे आहेत, ते आणायला त्यांनी तिलाच मुरूडच्या बाजारात धाडले होते.

"दादा, तुमचं चुंबक माझ्याकडेच राहिलं," ती म्हणाली. "पाठवून देऊ का कुणासोबत?"

आम्ही म्हटले, "राहू दे तुझ्याकडे."